लिनक्स डेस्कटॉपसाठी कमी वीज खाणारा प्रोसेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सेवा संपली. तेव्हापासून फोंडा, म्हापसा, डिचोली, पेडणे इथून मला येणाऱ्या निरोपांचा सूर बदलला आहे. पूर्वी लोक विचारायचे, ‘विंडोजऐवजी लिनक्स जमेल का?’ आता विचारतात, ‘लिनक्स टाकतोच आहे, तर वीज कमी खाणारा प्रोसेसर कोणता घेऊ?’ प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. गोव्याकडे स्वतःचं मोठं वीजनिर्मिती केंद्र नाही. आपली बरीच वीज कोरबा, विंध्याचल, रामागुंडम अशा दूरच्या कोळशाच्या केंद्रांतून शेकडो किलोमीटर तारांवरून येते. पावसाळ्यात त्या तारांवर माडाचं एक झावळं पडलं तरी वाडा अंधारात जातो. म्हणून वाया जाणारा प्रत्येक वॅट मला खटकतो.

१. ऊर्जाक्षमता म्हणजे नेमकं काय? कमी वॅटचा प्रोसेसर चांगला, एवढंच ना?

नाही. वॅट हा वीज खाण्याचा वेग झाला. एका कामाला एकूण किती वीज लागली हे वॅट-तासांत मोजतात आणि खरी तुलना तिथेच होते.

समजा एक मोठा प्रोग्राम कंपाइल करायचा, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालवता येईल असा बनवायचा आहे. पहिला पीसी १५० वॅट घेतो आणि काम ७ मिनिटांत संपवतो: साडेसतरा वॅट-तास. दुसरा ६० वॅटवर २० मिनिटं घेतो: २० वॅट-तास. तिसरा, छोटासा, १५ वॅटवर १०० मिनिटं चालतो: २५ वॅट-तास. सर्वांत ‘कमी वॅट’वाल्यानेच या कामाला सर्वांत जास्त वीज घेतली.

पण हिशेब इथे संपत नाही. काम झाल्यावर पीसी बंद होत नाही, तुम्ही मेल वाचता, लिहिता, चहा घ्यायला उठता. त्या आठ तासांत पहिला पीसी ४५ वॅट घेत बसला आणि तिसरा ८ वॅट, तर पहिल्याने कंपाइलमध्ये वाचवलेले साडेसात वॅट-तास पाव तासातच उडून जातात. पीसी चालू आहे पण काही करत नाही, या अवस्थेला ‘आयडल’ म्हणतात. घरच्या डेस्कटॉपचा बहुतेक वेळ त्याच अवस्थेत जातो, म्हणून घरच्या पीसीसाठी मी आयडलचा आकडा आधी बघतो आणि पूर्ण भाराचा नंतर.

२. खोक्यावर ६५ वॅट लिहिलंय. म्हणजे माझा पीसी ६५ वॅट खाणार का?

तो आकडा टीडीपीचा, म्हणजे कूलरने किती उष्णता वाहून न्यावी याचा अंदाज. वीजवापराची ती मर्यादा नव्हे आणि सरासरीही नव्हे.

एएमडीच्या ६५ वॅटच्या डेस्कटॉप रायझन प्रोसेसरला मदरबोर्डवरच्या सॉकेटकडून ८८ वॅटपर्यंत घ्यायची मुभा असते, १०५ वॅटवाल्याला १४२ वॅटपर्यंत आणि १७० वॅटवाल्याला २३० वॅटपर्यंत. इंटेलने बाराव्या पिढीपासून दोन आकडे छापायला सुरुवात केली, ती चांगली गोष्ट झाली. कोअर आय५-१२४०० चा मूळ आकडा ६५ आणि टर्बोचा, म्हणजे वेग वाढवतानाचा, ११७ वॅट. आय९-१३९००के चा १२५ आणि २५३ वॅट. उलट, आयडलमध्ये हेच प्रोसेसर काही वॅटवर येतात. म्हणजे ‘६५’ या एका आकड्यामागे जेमतेम ५ ते ११७ पर्यंतचं काहीही असू शकतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या टीडीपीची तुलना करून खरेदी करू नका.

३. वर्षाच्या बिलात खरोखर किती फरक पडतो?

सूत्र सोपं आहे: वॅटमधला फरक गुणिले रोजचे तास गुणिले ३६५, भागिले १०००. उत्तर युनिटमध्ये येतं.

४० वॅटचा फरक आणि रोज १० तास वापर असेल तर १४६ युनिट. युनिटला ५ रुपये धरले तर ७३० रुपये. तुमचा स्वतःचा दर बिलावर बघा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: वीज खात्याचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून वाचवलेलं युनिट तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतं. सरासरी दराने हिशेब केला तर बचत कमी दिसेल.

४. घरच्या घरी मोजायचं कसं? महागडं यंत्र लागतं का?

सॉकेटमध्ये खोचायचा वीजमापक किंवा वापर दाखवणारा स्मार्ट प्लग घेतला की काम झालं. पीसी चालू केल्यावर दहा मिनिटं थांबा, कारण सुरुवातीला अपडेट तपासणं, फाइलींची अनुक्रमणी करणं असली कामं मागे चालू असतात. मग आयडल, व्हिडिओ आणि पूर्ण भार असे तीन आकडे लिहून घ्या. मॉनिटर वेगळा मोजा.

मापक नसेल तरी अडत नाही. घरातल्या नव्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी हे छापलेलं असतं; समजा ३२००. फ्रीज, पंखे, राउटर सगळं थोडा वेळ बंद करा, फक्त पीसी चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६ लाखाला आधी ३२०० ने भागलं की ११२५ येतात आणि त्यांना सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. साडेबावीस सेकंद आले तर ५० वॅट. एकदाच न मोजता दहा लुकलुकींचा वेळ घेऊन सरासरी काढा. घरातल्या मुलांना बरोबर घेऊन करण्यासारखा हा प्रयोग आहे.

५. लिनक्स स्वतःच वॅट दाखवतो ना? मग मीटर कशाला?

दाखवतो, पण फक्त प्रोसेसरचे. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून रॅपल नावाची सोय दिली. प्रोसेसरमधला एक मोजणीकाटा खर्च झालेली ऊर्जा मायक्रोज्यूलमध्ये वाढवत नेतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो वाचतो. एएमडीच्या झेन कुटुंबातही (रायझनच्या आतली रचना) ही सोय आहे. टर्बोस्टॅट हे साधन चालवलं की ‘पॅकेज वॅट’चा रकाना दिसतो, पर्फ हे साधन वापरून एका ठरावीक आज्ञेला किती ज्यूल लागले हेही कळतं. ३६०० ज्यूल म्हणजे एक वॅट-तास.

या आकड्यात मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पंखे आणि पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीज येत नाही. सॉफ्टवेअर ६ वॅट म्हणतं आणि सॉकेटपाशी ३८ निघतात, हे अगदी नेहमीचं आहे. शिवाय जुन्या इंटेलमध्ये हा आकडा मोजलेला नसून अंदाजाने काढलेला असतो. प्रत्यक्ष मापन हॅसवेल पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून आलं.

मी दोन्ही वापरतो. एकाच पीसीवर सेटिंग बदलून काय झालं हे बघायला रॅपल, आणि दोन वेगळे पीसी ताडून बघायला सॉकेटचा मीटर.

६. रॅपल वाचायला गेलो तर ‘परवानगी नाही’ असं येतं. काही बिघडलंय का?

काही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लॅटिपस नावाचा हल्ला उघड झाला. वीजवापराचे बारीक चढउतार वाचून गुप्त किल्ल्या ओळखता येतात, असं त्यात दिसलं. तेव्हापासून लिनक्सने हा काटा फक्त रूटला, म्हणजे पीसीच्या प्रशासकाला, मोकळा ठेवला आहे. आज्ञेच्या आधी सुडो लावून चालवा. परवानग्या कायमच्या सैल करू नका.

७. मग शेवटी इंटेल घेऊ की एएमडी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. माझं उत्तर असं की कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि आतली बांधणी बघा.

रायझन ५ ५६००एक्ससारख्या प्रोसेसरमध्ये सिलिकॉनचे वेगवेगळे तुकडे असतात: गणित करणारा ७ नॅनोमीटरचा तुकडा आणि मेमरी, पीसीआय (कार्डं आणि उपकरणं जोडायची वाट) वगैरे सांभाळणारा १२ नॅनोमीटरचा दुसरा तुकडा. हे दोघं एकमेकांशी सतत बोलत राहतात आणि पीसी काही करत नसला तरी तो संवाद वीज खातो. रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी मात्र एकाच तुकड्यात घडवलेले आहेत, ग्राफिक्स आतच आहे आणि आयडलमध्ये ते बरेच शांत असतात. नाव जवळपास सारखं, टीडीपी तोच ६५, पण सॉकेटपाशी आयडलचा फरक साधारण १० ते २० वॅटांचा पडू शकतो.

इंटेलचे बाराव्या ते चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसरही एकाच तुकड्याचे आहेत आणि आयडलमध्ये फार कमी घेतात. पूर्ण भाराला चित्र उलटतं. नावाच्या शेवटी के अक्षर असलेले मोठे इंटेल २५३ वॅटपर्यंत जातात, तर झेन ४ आणि झेन ५ चे बहुकोअर (एकाच वेळी काम करणारे अनेक गणनभाग असलेले) रायझन तेवढंच काम बऱ्याच कमी विजेत उरकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेने इंटेलची ही भूक कमी केली आहे.

तेव्हा लिखाण, हिशेब, ब्राउझर, मुलांचा अभ्यास असा वापर असेल तर आय३ किंवा आय५ चा बिनके प्रोसेसर, नाहीतर जी अक्षरवाला रायझन घ्या. दोन्हींत वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, हा वरचा फायदा. इंटेल घेताना मात्र शेवटी एफ अक्षर नको, त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं. रोज तासन्‌तास रेंडर किंवा कंपाइल करत असाल तर तुकड्यांचा रायझन घ्या आणि प्रश्न १३ मधली मर्यादा लावा.

८. इंटेल एन१०० चा मिनी पीसी पुरेल का? दुकानदार म्हणतो ‘खेळणं आहे’.

खेळणं मुळीच नाही. २०२३ च्या सुरुवातीला आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर, टीडीपी ६ वॅट. ताकद साधारण सहाव्या पिढीच्या डेस्कटॉप आय५ च्या आसपास, आणि आख्खा पीसी आयडलमध्ये सहसा ६ ते १० वॅट घेतो. पंचायतीतली कागदपत्रं, शाळेचे निकाल, बँकेची कामं, यूट्यूब यांना भरपूर झाला.

अडतं ते असं: मेमरीची वाट एकेरीच आहे, इंटेलच्या कागदांप्रमाणे १६ जीबीची मर्यादा आहे, आणि ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडून वर व्हिडिओ एडिटिंग करायला गेलात तर तो दमतो. काही मिनी पीसीवाले बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत) वीजमर्यादा ६ च्या बरीच वर नेऊन ठेवतात, त्यामुळे भाराखाली २० वॅटच्या वर गेलेला दिसला तर घाबरू नका.

९. नावापुढे ‘टी’ असलेला ३५ वॅटचा प्रोसेसर घेतला तर वीज वाचेल का?

आयडलमध्ये जवळजवळ काहीच नाही. टीवाला प्रोसेसर हा बिनटीच्याच जातीचा असतो, फक्त वरची मर्यादा खाली आणलेली असते. पूर्ण भाराला तो कमी वॅट घेतो आणि जास्त वेळ लावतो. खरा उपयोग लहान डब्यात, जिथे मोठा कूलर बसत नाही. कार्यालयांतून निघालेले पुस्तकाएवढे छोटे पीसी बाजारात मिळतात त्यांत बहुधा हेच असतात, आणि ती खरेदी चांगली असते. कारण तिथे पूर्ण पीसीच काटकसरीने बांधलेला असतो.

१०. माझा २०१४ चा पीसी आहे. लिनक्स टाकून तोच चालवू की वीज वाचवायला नवा घेऊ?

चालवा. हिशेब बघा. हॅसवेलच्या काळातला आय५, एसएसडी बसवलेला, वेगळं कार्ड नसलेला, असा कंपनीने जुळवलेला पीसी आयडलमध्ये साधारण २५ ते ३५ वॅटांवर येतो. आपण तुमचा ४० धरू. नवा मिनी पीसी १० धरू. रोज ६ तास वापर असेल तर वर्षाला सुमारे ६६ युनिट वाचतात. ४ रुपये दराने २६३ रुपये. मिनी पीसी समजा १५ हजारांचा. फक्त बिलातून पैसे वसूल व्हायला ५७ वर्षं लागतील! शिवाय नवा पीसी घडवतानाही वीज आणि पाणी लागलेलंच असतं.

दोन ठिकाणी माझं उत्तर बदलतं. पीसी चोवीस तास चालतो, म्हणजे घरचा फाइल सर्व्हर किंवा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असेल, तर तोच फरक वर्षाला २६३ युनिट होतो आणि बदलाचा विचार रास्त ठरतो. दुसरं, पीसी कोअर २ ड्युओच्याही आधीचा, पेंटियम ४ वगैरे असेल तर तो निवृत्त करा. आयडलमध्येही ती पिढी खूप वीज खाते आणि आजचं वेबपान उघडताना धापा टाकते.

११. गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’ केला तर पीसी कायमचा मंद होईल का?

गव्हर्नर म्हणजे प्रोसेसरचा वेग कधी किती ठेवायचा याचं लिनक्समधलं धोरण. ते राबवणारा कर्नलमधला कोणता ड्रायव्हर चालू आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे, आणि इथे खूप लोकांचा गोंधळ होतो.

जुन्या ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे सर्वांत खालची वारंवारता, कायमची. तिथे पीसी खरंच रांगतो आणि प्रश्न १ मध्ये पाहिल्याप्रमाणे काम लांबल्याने वीज वाचेलच असं नाही. इंटेलच्या पीस्टेट ड्रायव्हरमध्ये मात्र पॉवरसेव्ह हा नेहमीचा, भारानुसार वरखाली होणारा प्रकार आहे. नाव तेवढं फसवं. तिथे तो बिनधास्त ठेवा. त्याच्या जोडीला ऊर्जेकडे कल किती ठेवायचा याची ईपीपी नावाची सेटिंग असते. ग्नोम किंवा केडीई या डेस्कटॉपच्या कोपऱ्यातून ‘संतुलित’, ‘पॉवर सेव्हर’ निवडता तेव्हा हीच बदलते.

एएमडीचा पीस्टेट ड्रायव्हर कर्नल ५.१७ मध्ये, २०२२ साली आला. त्याचा ईपीपीवाला सक्रिय प्रकार ६.३ मध्ये आला आणि ६.५ पासून योग्य प्रोसेसरांवर आपोआप लागतो. लिनक्सच्या वितरणांपैकी डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आहे, म्हणजे तो तिथे नाही. डेबियन १३ च्या ६.१२ मध्ये आणि उबुंटू २४.०४ च्या ६.८ मध्ये आहे. नवा रायझन आणि जुना कर्नल अशी जोडी असेल तर आधी कर्नल बदला. तरीही ड्रायव्हर लागला नाही तर बायोसमध्ये सीपीपीसी ही सेटिंग चालू आहे का बघा.

१२. व्हिडिओ बघताना पंखा जोरात फिरतो. प्रोसेसर बदलू का?

थांबा, बहुधा व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्सच्या खास भागाऐवजी सगळे कोअर मिळून करत आहेत. तसं असेल तर २ वॅटच्या कामाला २० वॅट जातात.

इंटेलच्या ग्राफिक्ससाठी फायरफॉक्सने जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीत लिनक्सवर ही सोय मूळचीच चालू केली. त्याहून जुना असेल तर अपडेट करा. फेडोरा या लिनक्स वितरणावर एएमडी वापरत असाल तर पेटंटच्या कारणाने एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ पद्धती उलगडणारा भाग २०२२ पासून मूळ पॅकेजमधून काढलेला आहे. आरपीएम फ्यूजन या वेगळ्या भांडारातून मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरचं ‘फ्रीवर्ल्ड’वालं पॅकेज बसवावं लागतं. तिसरी अडचण एव्ही१ ची. यूट्यूब बरेच व्हिडिओ त्या पद्धतीत पाठवतं. एन१०० ला आणि अकराव्या पिढीपासूनच्या आयरिस एक्सई किंवा यूएचडी ७३० ग्राफिक्सला ते हार्डवेअरने उलगडता येतं, पण ५६००जी ला येत नाही. तिथे फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंगमध्ये एव्ही१ बंद करा. मग व्हीपी९ येतं आणि ते ५६००जी सहज पेलतो.

१३. मोठा प्रोसेसर घेऊन त्याची वीज बांधून ठेवली तर?

माझ्या मते कामाच्या पीसीसाठी हा सर्वांत शहाणा मार्ग आहे. प्रोसेसरचा वीजवापर वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ काढायला व्होल्टेज खूप चढवावं लागतं आणि तिथेच सगळी उधळण होते.

उदाहरणादाखल, ५ गिगाहर्ट्झला १.३५ व्होल्ट लागत असतील आणि ४.२ ला १.०५. वेग १६ टक्क्यांनी कमी झाला. व्होल्टेजच्या वर्गांचं गुणोत्तर ०.६०५, त्याला ०.८४ ने गुणलं की ०.५०८. म्हणजे वीज जवळपास निम्मी!

एएमडीच्या बायोसमध्ये ‘इको मोड’ असतो, तो १०५ वॅटचा प्रोसेसर ६५ च्या वर्गात आणतो. इंटेलमध्ये पीएल१ (सतत भाराची वीजमर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळाची वीजमर्यादा) हे दोन आकडे स्वतः भरा. अनेक मदरबोर्ड ते जवळपास अमर्याद ठेवून येतात. तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा इंटेल असेल तर त्याआधी बायोस अद्ययावत करा. जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचे खराब होण्याचा दोष त्या पिढ्यांत होता आणि त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आले.

मर्यादेने आयडलचा आकडा मात्र बदलत नाही. आयडल जास्त असेल तर प्रश्न १७ वाचा.

१४. लाईट गेल्यावर यूपीएसवर किती वेळ मिळेल?

जूनचा पहिला पाऊस पडला की हा प्रश्न येतोच. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते. कागदावर ८४ वॅट-तास. इतक्या झपाट्याने उपसल्यावर आणि रूपांतरातली घट धरून हातात ४० च्या आसपास उरतात, तेही बॅटरी नवी असताना.

मॉनिटरसह १२० वॅट घेणारा पीसी वीस मिनिटांत बंद पडेल. ३० वॅटमध्ये चालणारा मिनी पीसी आणि छोटा मॉनिटर तासाहून जास्त टिकेल, तेवढ्यात लेख पूर्ण करून पाठवता येतो. राउटरचे १० वॅट त्यात धरायला विसरू नका. सत्तरी, काणकोणसारख्या भागांत, जिथे झाडं तारांना टेकून आहेत, तिथे कमी वॅटच्या पीसीचा हाच खरा लाभ. बिलातली बचत त्यापुढे किरकोळ. यूपीएसला यूएसबीची जोडणी असेल तर नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा, बॅटरी संपत आली की पीसी स्वतःहून नीट बंद होतो.

१५. मे महिन्यातल्या उकाड्याने प्रोसेसर जास्त वीज खातो का?

थोडी. सिलिकॉन तापलं की गळती प्रवाह वाढतो, म्हणून तेच काम जानेवारीपेक्षा मे महिन्यात जरा जास्त वॅट घेतं आणि पंखेही जोरात फिरतात. त्याहून मोठी गोष्ट ही की पीसीने घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. खोलीत एसी असेल तर ती बाहेर टाकायला आणखी वीज जाते, साधारण पीसीच्या वापराच्या चतुर्थांश ते तृतीयांश.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना एक जोडसूचना: पंखे कमी फिरले की खारट, दमट हवा आणि धूळही आत कमी ओढली जाते.

१६. रास्पबेरी पाय किंवा ॲपलची एम१ चिप वापरून लिनक्स डेस्कटॉप चालवावा का?

रास्पबेरी पाय ५ हा हाताएवढा पीसी कामापुरता चालतो, पण एसएसडी, डबा, चार्जर धरून किंमत मिनी पीसीच्या जवळ जाते आणि वाचतात जेमतेम काही वॅट. डेस्कटॉप म्हणून मी एन१०० च सुचवेन.

एम१ ची गोष्ट वेगळी. ॲपलच्याच आकड्यांनुसार एम१ मॅक मिनी आयडलमध्ये ६.८ वॅट आणि जास्तीत जास्त ३९ वॅट घेतो, आणि त्या वॅटांत मिळणारा वेग थक्क करतो. त्यावर ‘असाही लिनक्स’ (Asahi) नावाचं, ॲपलच्या चिपांसाठी जुळवलेलं लिनक्स चालतं. मात्र हे आकडे मॅकओएसवरचे आहेत. लिनक्समध्ये झोप आणि व्हिडिओच्या बाबतीत तेवढीच काटकसर गृहीत धरू नका.

१७. सगळं केलं, तरी पीसी रिकामा असताना ६० वॅट घेतो. चोर कुठे आहे?

तो बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये नसतोच. मी या क्रमाने शोधतो.

आधी वेगळं ग्राफिक्स कार्ड काढून मोजा. एकट्या कार्डाने १० ते ३० वॅट घेतलेले असतात. कार्ड हवंच असेल आणि दोन मॉनिटर किंवा जास्त रिफ्रेश रेट असेल, तर रेट ६० हर्ट्झवर आणून बघा; काही कार्डांची मेमरी जास्त रेटला झोपतच नाही.

मग पॉवर सप्लाय. सप्लायची कार्यक्षमता सांगणाऱ्या ८० प्लसच्या नेहमीच्या पट्ट्या २०, ५० आणि १०० टक्के भाराला तपासलेल्या असतात. ६५० वॅटच्या सप्लायवर ३० वॅटचा भार म्हणजे ५ टक्क्यांहून कमी, आणि तिथली कार्यक्षमता त्या पट्टीवर दिसतच नाही. साध्या पीसीला भला मोठा सप्लाय घेऊ नका.

त्यानंतर टर्बोस्टॅटमध्ये पॅकेज, म्हणजे आख्खा प्रोसेसर, खोल झोपेत जातं का ते बघा. सी२ किंवा सी३ या उथळ झोपेतच अडकलं असेल तर एखादं पीसीआय उपकरण, बहुधा नेटवर्क किंवा एसएसडी, ते जागं ठेवतं. बायोसमध्ये एएसपीएम (पीसीआयची जोडणी झोपू देणारी सेटिंग) चालू करा. कर्नलला ते जबरदस्तीने लावायला सांगण्याचा पर्यायही आहे, पण काही पीसी त्याने गोठतात, म्हणून महत्त्वाचं काम उघडं असताना तो प्रयोग नको.

पॉवरटॉप या साधनाची आपोआप जुळवणी वापरून बघा, फक्त ती यूएसबी माउसलाही झोपवते आणि माउस अडखळतो. पीसी पुन्हा सुरू केला की ती जुळवणी निघून जाते, त्यामुळे उपयोग झाला तरच कायम करा. टीएलपी हे वीजबचतीचं साधन मुळात लॅपटॉपसाठी आहे, डेस्कटॉपवर त्याने फारसं काही हाती लागत नाही.

१८. रात्री बंद करू की झोपवून ठेवू?

झोपवलेला डेस्कटॉप साधारण १ ते ३ वॅट घेतो, म्हणजे रोज १६ तास धरले तरी वर्षाला ६ ते १८ युनिट. सकाळी सगळं जिथल्या तिथे मिळत असेल तर झोपवणं वावगं नाही. पण पावसाळ्यात, गडगडाट सुरू झाला की, पूर्ण बंद करून प्लगच काढा. बंद पीसीही थोडी वीज घेतच असेल तर बायोसमध्ये ईआरपी ही सेटिंग चालू करा. मग ती अर्ध्या वॅटच्या आसपास येते. कीबोर्डने पीसी चालू करण्याची सोय मात्र त्याने जाते.

१९. एकाच प्रोसेसरचे दोन ठिकाणी वेगळे आकडे दिसतात. खरं कोणाचं?

बहुधा दोघांचंही. एकाने रॅपल वाचलेलं असतं, दुसऱ्याने सॉकेट (प्रश्न ५). एकाच्या पीसीत मोठं ग्राफिक्स कार्ड असतं. एकाने विंडोजवर मोजलेलं असतं. मदरबोर्डनुसार वीजमर्यादाही बदलते.

म्हणून तुलना करताना एकाच परीक्षकाने, एकाच पीसीत फक्त प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलून घेतलेले आकडे धरा. लिनक्ससाठी फोरॉनिक्स या संकेतस्थळाच्या चाचण्या उपयोगी आहेत, कारण त्यांत वेगाबरोबर वॅटही नोंदलेले असतात, आणि तोच टेस्ट सूट फुकट बसवून तुमच्या पीसीवर चालवता येतो. फक्त तिथले बरेचसे आकडे पूर्ण भाराचे असतात. आयडलचा आकडा दिला नसेल तर मला कळवा. तुमच्या तालुक्यात कोणाकडे तसाच पीसी असेल तर मीटर घेऊन मी मोजून येईन.